स्पर्शाचा खेळ आणि राष्ट्राचा संघ

खेळाचा इतिहास लिहिणारे बहुधा निकालाचा इतिहास लिहितात. कोण जिंकले, किती गुणांनी जिंकले, पदक कोणाच्या गळ्यात पडले. मैदान सुटल्यावर खेळाडू कोणत्या घराकडे गेला आणि तिथे त्याला पाणी कोणत्या भांड्यातून मिळाले, हा प्रश्न त्या इतिहासात येत नाही. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पण हा प्रश्न मला पुस्तकाने दिलेला नाही. तो शेंदूरजनाघाटच्या मातीने दिला.

वरुड तालुक्यातले हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी ओळखले जाते. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरायचा, ही इथली विद्या. आमची माणसे त्या रोपवाटिकांत रोजीने जात. दुपारच्या सुट्टीत आम्ही पोरे मोकळ्या वावरात हुतूतू खेळत असू. या खेळाला बॅट लागत नाही, बूट लागत नाही, वर्गणी लागत नाही. काडीने एक रेघ ओढली की झाले. ज्यांच्याजवळ देहाशिवाय काहीच नव्हते, त्यांच्यापर्यंत हा खेळ पोहोचला तो यामुळेच.

अकरावीत असताना मी गावच्या संघातून खेळलो. सातांपैकी चौघे आमच्या वस्तीतले होतो. पहिल्या वर्षी स्पर्धा जिंकलो तेव्हा गावाने आम्हाला खांद्यावर घेतले. दुसऱ्या वर्षी अंतिम सामना दोन गुणांनी गेला. मैदानातून बाहेर पडताना मागून आवाज आला, ‘‘सांगतलं होतं ना, तिकडल्या पोरायले इतके घेऊ नोका म्हणून!’’ आदल्या वर्षी मला खांद्यावर घेणाऱ्यांत हाच माणूस होता. जिंकलो तेव्हा आम्ही गावाचे होतो. हरलो तेव्हा ‘तिकडले’ झालो.

या एका वाक्यामुळे मी कबड्डीचा इतिहास वेगळ्या नजरेने वाचू लागलो.

कबड्डी हा मुळातच स्पर्शाचा खेळ आहे. चढाई करणाऱ्याने समोरच्याला शिवायचे आणि दम असेतो परत यायचे. पकड करणाऱ्यांनी त्याला अंगाने अंग भिडवून रोखायचे. शिवला तो बाद, आणि आपल्या संघाने गुण मिळवला की तोच बाद झालेला पुन्हा आत. ज्या समाजाने शिवाशिवीचे शास्त्र रचले, शिवल्यावर अंघोळ सांगितली, त्याच समाजात हा खेळ वाढला. गावोगाव तो खेळला गेला, पण गावाचा वेगळा आणि वस्तीचा वेगळा. विटाळाची रेघ आधीच आखलेली होती, मैदानातली रेघ त्यानंतरची.

हा खेळ जगापुढे नेण्याचे काम आमच्याच जिल्ह्यातून झाले. 1914 मध्ये वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. याच मंडळाचा चमू 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जर्मनीला गेला आणि त्याने कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. परकी सत्ता डोक्यावर असताना वऱ्हाडातल्या तरुणांनी एवढा पल्ला गाठला, त्या कर्तृत्वाचे मोल मी कमी करीत नाही. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने 1936 हे साल एकाच बाजूने पाहू नये.

त्याच्या नऊ वर्षे आधी, 1927 च्या नोव्हेंबरात, याच अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली होती. प्रश्न होता अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा. म्हणजे माणसाने देवळाची पायरी शिवावी की नाही, याचा. आणि 1936 उजाडले तेव्हा येवल्याची घोषणा होऊन गेली होती. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे अध्यक्षीय भाषण ऐकण्याआधीच परिषद रद्द केली, आणि मे महिन्यात बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच छापून प्रसिद्ध केले. ऑगस्टमध्ये बर्लिनच्या स्पर्धा सुरू झाल्या. एकाच वर्षात या देशाने स्पर्शाचा खेळ आपली संस्कृती म्हणून परदेशात दाखवला आणि स्पर्शाचा विचार घरातल्या व्यासपीठावर नाकारला.

बर्लिनमध्येही काय चालले होते? तिथे वंशशुद्धीचे राज्य होते. ग्रेटेल बर्गमन या ज्यू मुलीने त्याच जूनमध्ये 1.60 मीटर उंच उडी मारून जर्मन विक्रमाची बरोबरी केली. तरी स्पर्धेच्या तोंडावर, कामगिरी पुरेशी नाही असे कळवून, तिला संघातून वगळण्यात आले. जेसी ओवेन्सने चार सुवर्णपदके जिंकून वंशश्रेष्ठत्वाच्या थापेला उत्तर दिले. पण मायदेशी तो कृष्णवर्णीयच राहिला. 15 ऑगस्ट 1936 ला ध्यानचंदच्या भारतीय हॉकी संघाने जर्मनीला 8-1 असे हरवले. ते यश आपण अजून अभिमानाने सांगतो, आणि सांगावेही. फक्त एवढे लक्षात असू द्यावे की राष्ट्राचा संघ कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो, हा प्रश्न त्या मैदानाच्या दारातच उभा होता.

स्वातंत्र्यानंतर 1950 मध्ये कबड्डीचा अखिल भारतीय महासंघ झाला. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत कबड्डीचे प्रात्यक्षिक झाले आणि 1990 च्या बीजिंग स्पर्धेपासून ती पदकाची स्पर्धा झाली. तिथून 2014 पर्यंत सातही वेळा पुरुषांचे सुवर्ण भारताने घेतले. महिलांची कबड्डी 2010 साली आली, त्यांनीही 2010 आणि 2014 ही दोन्ही सुवर्णे आणली. सुवर्ण ही जणू वहिवाट झाली.

ती वहिवाट 2018 मध्ये जाकार्तात मोडली. पुरुष संघ गटातच दक्षिण कोरियाकडून 23-24 असा हरला, उपांत्य सामन्यात इराणने त्याला 27-18 असे नमवले, आणि कांस्यावर समाधान मानावे लागले. दुसऱ्या दिवशी महिला संघ अंतिम सामन्यात इराणकडूनच 24-27 असा हरला. त्या इराणी मुलींना घडवणाऱ्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये एकच हळहळ होती : ‘‘आपला खेळ त्यांनी नेला.’’

मला या ‘आपला’ शब्दाशी भांडायचे आहे. खेळ ही कोणाची वतनी जमीन नव्हे. जो घाम गाळतो त्याचा खेळ. इराणी मुलींनी तो एका मराठी बाईकडून शिकून घेतला, त्यात त्यांनी काही चोरले नाही. विद्या दिल्याने वाटते, बाटत नाही. हे ज्यांना सोसत नाही, त्यांच्या मनात खेळातही वंशपरंपरेचा हक्क दडलेला आहे. पुढची आशियाई स्पर्धा 2023 मध्ये हांगचौला झाली. तिथे भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्ण परत मिळवले. महिलांनी तर चिनी तैपेईवर अवघ्या एका गुणाने, 26-25 असे. ते श्रमाने मिळाले, वारशाने नव्हे.

पण पराभवाचा सगळ्यात कडू धडा कबड्डीने नव्हे, हॉकीने दिला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये 31 जुलै 2021 रोजी वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी मे महिन्यात तिचे वडील गेले होते, आणि तयारी सोडून तिला अंत्यदर्शनालाही जाता आले नव्हते. 4 ऑगस्टला उपांत्य सामन्यात संघ अर्जेंटिनाकडून 1-2 असा हरला. त्यानंतर हरिद्वारजवळच्या रोशनाबादेत तिच्या घरासमोर काही सवर्ण तरुणांनी फटाके फोडले, नाच केला आणि जातिवाचक शिव्या दिल्या. संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो, असे त्यांचे म्हणणे. कुटुंबाने तक्रार दिली, ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला.

ही बातमी वाचली आणि मला माझ्या मैदानामागचा तो आवाज पुन्हा ऐकू आला. रोशनाबाद हिंदीत बोलले, आमचे गाव वऱ्हाडीत बोलले होते. वाक्य तेच. फरक इतकाच की वंदना देशासाठी खेळत होती. आणि इथे देशाच्याच पराभवावर फटाके फुटले! यावरून एक गोष्ट उघड होते. या लोकांना राष्ट्रापेक्षा जात प्रिय आहे. एरवी देशभक्तीचा दाखला मात्र आपल्याकडे मागितला जातो.

दोनच दिवसांनी, 6 ऑगस्टला, कांस्यपदकाच्या सामन्यात वंदनाने ब्रिटनविरुद्ध गोल केला. संघ 3-4 असा हरला, चौथा आला. निकालाच्या तक्त्यात चौथ्या क्रमांकाला पदक नसते. माझ्या लेखी त्या गोलाची नोंद सगळ्यात मोठी आहे. घरासमोर शिव्या पडत असताना ती ज्या देशाची जर्सी घालून धावली, त्या देशाला तिने स्वतःपुरते तरी माणसांचा देश करून दाखवले.

गेल्या हिवाळ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारले, ‘‘सर, मी कबड्डी खेळू की अभ्यास करू?’’ तिची आई संत्र्याच्या तोडीला जाते. मी म्हणालो, ‘‘दोन्ही कर. आणि हरलीस तर कोण काय बोलले, ते वहीत तारखेसह लिहून ठेव.’’ ती हसली, पण दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली.

आमच्या गावात झाडाला बहर आला की सगळे संत्र्याचे नाव घेतात, आणि झाड वाळले की खुंटाला दोष देतात. राष्ट्राच्या संघाचेही तसेच चालले आहे. शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी आता आपापल्या गावच्या मैदानांचा इतिहास लिहायला घ्यावा, गुणफलकासह आणि मैदानामागच्या आवाजांसह. जिंकल्यावर खांद्यावर कोणी घेतले, ही त्या इतिहासातली छोटी नोंद. हरल्यावर शेजारी कोण उभे राहिले, ही मोठी नोंद.