मृगयेतील निवड : शृंगी, अशृंगी आणि धनुर्धारी

शेक्सपिअरच्या 'लव्हज लेबर्स लॉस्ट' ह्या १५९८ मध्ये छापल्या गेलेल्या सुखात्मिकेत फ्रान्सची राजकन्या धनुष्य घेऊन हरणाच्या शिकारीस निघते. शिकार रंगमंचाबाहेर घडते. प्रेक्षकांसमोर येतो तो तिच्या मागून उद्भवलेला वाद. मारले गेलेले हरीण कोणते, ह्यावर शिक्षक होलोफर्नीझ, धर्मोपदेशक नॅथॅनिएल आणि शिपाई डल ह्यांच्यात जुंपते. नॅथॅनिएल त्यास 'पहिल्या शिरोभाराचा बक' ठरवतो. होलोफर्नीझ लॅटिनमध्ये 'हॉड क्रेडो', म्हणजे 'मला नाही तसे वाटत', असे म्हणून ते अमान्य करतो. आणि लॅटिनचा गंध नसलेला डल 'हॉड क्रेडो' हेच एखाद्या हरणाचे नाव समजून, ते हॉड क्रेडो नव्हते, 'प्रिकेट' होते, असे ठासून सांगतो. डलला हे शब्द 'म्हातारी करडी मादी' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द म्हणून ऐकू आले असावेत, अशी एक कल्पना काही संपादकांनी मांडली आहे. ती ग्राह्य मानली तर विनोद अधिकच खुलतो, कारण मग वाद केवळ वयाचा न राहता नर-मादीचाही होतो.

हा विनोद आजच्या वाचकास कळण्यास टीपा लागतात. तत्कालीन प्रेक्षकास त्या लागत नसाव्यात. जॉन मॅनवुड ह्याच्या वनविषयक कायद्यांवरील ग्रंथात फॅलो जातीच्या नर हरणाची नावे वर्षागणिक दिली आहेत : पहिल्या वर्षी फॉन, दुसऱ्या वर्षी प्रिकेट, तिसऱ्या वर्षी सोरेल, चौथ्या वर्षी सोर, पाचव्या वर्षी पहिल्या शिरोभाराचा बक आणि सहाव्या वर्षी पूर्ण बक. तांबड्या हरणासाठी ह्याहून निराळी, तितकीच लांब मालिका होती आणि तिचे शेवटचे पद 'हार्ट' हे होते. नॅथॅनिएल आणि डल ह्यांच्या मतांत अशा रीतीने तीन वर्षांचे अंतर पडते. एका प्राण्याच्या एका लिंगासाठी सहा नावे ठेवणारी भाषा केवळ निरीक्षणाच्या हौसेने ती ठेवत नाही. कोणते हरीण मारण्यायोग्य आणि ते कोणाच्या योग्य, ह्याचा निवाडा त्या नावांतच केलेला असे.

मराठीत अशी मालिका नाही. हरीण, पाडस, काळवीट, चितळ, सांबर, भेकर हे शब्द जाती, लिंग किंवा बाल्य दाखवितात. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या नरांना वेगळे करीत नाहीत. दरवर्षी गळून पुन्हा उगवणारे फाटेदार शिंग आणि काळविटाचे कायमचे शिंग ह्यांनाही मराठी एकाच शब्दाने ओळखते. शास्त्रीय वर्गीकरणात काळवीट हे हरीणच नव्हे, हा तपशील बोलीभाषेने कधी मनावर घेतलेला नाही. उलट 'मृग' ह्या शब्दाचा प्रवास इंग्रजी 'डीअर' शब्दाशी नवल वाटावे इतका समांतर आहे. ऋग्वेदात मृग म्हणजे कोणताही वन्य पशू. हत्तीस तेथे 'हात असलेला मृग' म्हटले आहे. पुढे तो शब्द मुख्यतः हरणापुरता उरला. मल्याळममध्ये मात्र 'मृगम्' म्हणजे आजही पशुमात्र. जुन्या इंग्रजीतील 'डेओर' हाही पशुमात्राचा वाचक होता, आणि त्याचा जर्मन सगोत्र 'टीअर' आजही तसाच आहे. शिकारीचा मुख्य विषय जो प्राणी, त्याने दोन्हीकडे सर्व पशूंचे नाव स्वतःसाठी राखून घेतले, असे ह्यावरून अनुमान करता येते.

मध्ययुगीन सरदाराच्या दृष्टीने निवडीचे काम बाण सोडण्याच्या कितीतरी आधी सुरू होई. गास्तों फेब्यूस ह्याने १३८७ ते १३८९ ह्या काळात फ्रेंचमध्ये लिहिलेला मृगयाग्रंथ आणि त्याचे यॉर्कचा ड्यूक एडवर्ड ह्याने पंधराव्या शतकाच्या आरंभी काही भर घालून केलेले इंग्रजी रूपांतर 'मास्टर ऑफ गेम' ह्यांत ही पद्धती तपशिलाने येते. माग काढणारा सेवक पहाटे श्वान घेऊन रानात जाई, खुरांचे ठसे मोजी, झाडांवर शिंगे घासल्याच्या खुणा पाही आणि लेंड्या आपल्या रणशिंगात भरून मंडळींसमोर आणून ठेवी. दहा फाट्यांचा हार्ट असेल तरच त्याच्यामागे श्वानपथक सोडणे प्रशस्त मानले जाई. निवड अशा रीतीने हरीण दृष्टीस पडण्यापूर्वी पुराव्यावरून होत असे. धनुष्याने होणाऱ्या शिकारीस गास्तोंने कमी लेखले आहे. ज्यास ती शिकायची असेल त्याने इंग्लंडला जावे, असे तो सुचवितो.

अमेरिकेत गेलेल्या इंग्रजी भाषकांनी ही शब्दसंपत्ती बरोबर नेली खरी, पण तिचा उपयोग संपला होता. श्वेतपुच्छ हरीण राजाचे नव्हते. ते ज्याच्या बंदुकीच्या टप्प्यात येईल त्याचे होते. प्रिकेट, सोर, सोरेल हे शब्द गळाले. बक, डो आणि फॉन एवढे तीन उरले. मांस आणि कातडी ह्यांच्या व्यापारासाठी एकोणिसाव्या शतकात झालेल्या बेसुमार हत्येत ह्या तीन शब्दांतील भेदही व्यर्थ ठरला. १९०० च्या सुमारास सबंध देशात श्वेतपुच्छ हरणे पाच लाख किंवा त्याहूनही कमी उरली असावीत, असा अंदाज केला जातो. शिकारीच्या मालाच्या आंतरराज्य व्यापारास आळा घालणारा लेसी कायदा त्याच वर्षीचा.

ह्यानंतरच्या संरक्षक कायद्यांनी मरणोन्मुख भेदास पुन्हा जीवदान दिले. पेन्सिल्व्हेनियाने १९०७ मध्ये मादीस संरक्षण दिले. विस्कॉन्सिननेही १९१५ मध्ये तोच मार्ग धरला. तर्क बिनतोड होता. एक नर अनेक माद्यांना पुरेसा असतो आणि चांगला चारा मिळाल्यास मादीस बहुधा जुळी होतात. म्हणून नर मारावे, माद्या राखाव्यात. हा नियम कायद्यापुरता राहिला असता तर पुढचा इतिहास सरळ झाला असता. पण एका पिढीच्या आत त्यास नीतिनियमाचे रूप आले. मादीवर गोळी झाडणारा माणूस गावात तोंड दाखवीनासा झाला.

ह्या नीतीची किंमत झाडांनी मोजली. ॲरिझोनातील कायबॅब पठारावर १९०६ मध्ये संरक्षित मृगवन जाहीर झाले, हिंस्र श्वापदे मारली गेली, हरणे वाढली आणि १९२४-२५ च्या हिवाळ्यात ती उपासमारीने मोठ्या संख्येने मेली. एक लाख हा वारंवार उद्धृत होणारा आकडा ग्रॅम कॉफली ह्याने १९७० मध्ये संशयास्पद ठरविला, आणि तो संशय योग्यच आहे. चारा संपला होता, एवढे मात्र खरे. हरणांना हाकारा घालून ग्रँड कॅन्यनच्या पलीकडे नेण्याचा एक प्रयत्न डिसेंबर १९२४ मध्ये झाला. कादंबरीकार झेन ग्रे त्यात उत्साहाने सामील होता. हिमवादळ आले, हाकारेकरी पांगले आणि एकही हरीण पलीकडे गेले नाही. कायबॅबची हरणे मारण्याचा संघराज्य शासनाचा अधिकार शेवटी सर्वोच्च न्यायालयाने १९२८ मध्ये मान्य केला. त्याच वर्षी पेन्सिल्व्हेनियाने धाडस करून केवळ अशृंगी हरणांचा हंगाम जाहीर केला. नरांची शिकार त्या वर्षी बंद होती.

'अशृंगी' हा शब्द येथे मुद्दाम योजिला आहे. कायद्याने 'मादी' हा शब्द टाकून 'अँटलरलेस' हा शब्द घेतला, ह्यात भाषेच्या अभ्यासकास रस वाटावा असे बरेच आहे. मादी हा जीवशास्त्राचा वर्ग. अशृंगी हा दृष्टीचा. शिकाऱ्याला पन्नास पावलांवरून झुडुपाआड जे दिसते ते लिंग नव्हे, शिंग असते. पण दृष्टीच्या ह्या वर्गात माद्यांबरोबर त्याच वसंतात जन्मलेले नर पाडसही येते. शरदात त्याच्या कपाळावर केसांखाली दोन गाठी असतात, म्हणून शिकारी त्यास 'बटन बक' म्हणतात. कायद्याच्या लेखी ते अशृंगी, जीवशास्त्राच्या लेखी नर, आणि नवशिक्याच्या लेखी बहुधा एकटीच हिंडणारी एक लहान मादी.

धनुर्धारी ह्या वादात शिरला तो निराळ्या वाटेने. यादवी युद्धानंतर मॉरिस आणि विल टॉम्पसन ह्या बंधूंनी धनुष्याची शिकार लोकप्रिय केली; मॉरिसचे 'विचरी ऑफ आर्चरी' हे पुस्तक १८७८ चे. परंतु ह्या परंपरेचा खरा गुरू इंग्रजी भाषक नव्हताच. २९ ऑगस्ट १९११ रोजी कॅलिफोर्नियातील ऑरोव्हिलजवळ याही जमातीचा एकटा उरलेला एक पुरुष वस्तीत आला. जमातीच्या संकेताप्रमाणे स्वतःचे नाव त्याने सांगितले नाही. मानवशास्त्रज्ञ क्रोबर ह्याने त्यास 'इशी' म्हटले, आणि याना भाषेत इशी म्हणजे केवळ 'पुरुष'. एडवर्ड सपीर ह्याने १९१५ च्या उन्हाळ्यात त्याच्याकडून याही बोलीची सामग्री नोंदवून घेतली. याना भाषेत पुरुषांनी पुरुषांशी बोलावयाची रूपे वेगळी असतात, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस सपीरच्या १९२९ च्या लेखावरून ठाऊक असते.

सपीरने त्याच्याकडून शब्द घेतले. सॅक्स्टन पोप ह्या शल्यचिकित्सकाने धनुष्य घेतले. १९१४ मध्ये इशी, पोप, क्रोबर आणि वॉटरमन हे डीअर क्रीकच्या परिसरात गेले असता पोपने त्याची शिकार जवळून पाहिली. १९१८ च्या 'याही आर्चरी' ह्या प्रबंधात तिचे वर्णन आहे. शिकारीच्या आदल्या दिवशी इशी मासे खात नसे, तंबाखू ओढीत नसे; सकाळी ओढ्यात स्नान करून सुगंधी पाला अंगास चोळी. पाठलाग करण्यापेक्षा दबा धरून बसण्यावर त्याचा भर होता आणि प्रसंगी भरलेले हरणाचे डोके मस्तकावर धरून तो हरणांचे कुतूहल जागे करी. वसाहतवाल्यांपासून कित्येक वर्षे लपून राहिलेल्या माणसांना मूक शस्त्राचे मोल काय असेल, हे सांगावयास नको. कोणते हरीण, हा प्रश्न येथे शिंगांवरून सुटणारा नव्हता. पुरेसे जवळ आलेले, वारा न लागलेले, बेसावध हरीण हेच योग्य हरीण. इशी २५ मार्च १९१६ रोजी क्षयाने वारला. पोप आणि त्याचा सहकारी आर्थर यंग ह्यांच्या लेखनातून आणि चित्रपटांतून ही विद्या अमेरिकेत पसरली. फक्त तिच्यातील भूक मागे राहिली आणि तिच्या जागी छंद आला.

विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये दोन परगण्यांत केवळ धनुर्धाऱ्यांसाठी हरणांचा हंगाम ठेवला. स्वतः धनुष्ये घडविणारा आणि त्यांनी शिकार करणारा ॲल्डो लिओपोल्ड त्या राज्यात वन्यपशुव्यवस्थापनाचा प्राध्यापक होता. १९४३ मध्ये वनसंवर्धन मंडळावर आल्यावर त्याने माद्या मारू देण्याचा आग्रह धरला. त्या वर्षीच्या विभाजित हंगामात सुमारे १ लाख २८ हजार हरणे मारली गेली आणि जनतेत क्षोभ उसळला. विरोधकांनी 'सेव्ह विस्कॉन्सिन्स डीअर' ह्या नावाचे पत्रच काढले. १९४८ मध्ये मृत्यू येईपर्यंत लिओपोल्डला ही लढाई जिंकता आली नाही. त्याचे म्हणणे बरोबर होते, हे पुढील दशकांत राज्यांमागून राज्यांनी अशृंगी परवाने देऊन कबूल केले.

धनुर्धाऱ्यांना मात्र ह्या वादातून बऱ्याच ठिकाणी सूट मिळाली. धनुष्याने मरणारी हरणे इतकी थोडी असत की, त्यांना नर-मादी कोणतेही हरीण मारू देण्यात शासनास धोका वाटत नसे. दुबळ्या शस्त्रास मिळालेली ही मोकळीक होती. होलेस विल्बर ॲलन ह्याच्या चक्रयुक्त धनुष्यास १९६९ मध्ये पेटंट मिळाले आणि शस्त्र दुबळे राहिले नाही. मोकळीक बव्हंशी तशीच राहिली. दुसरीकडे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या पोप अँड यंग क्लबने धनुर्धाऱ्यांच्या विक्रमांची नोंदवही सुरू केली. तीत नेहमीच्या घडणीच्या श्वेतपुच्छ शिंगांची किमान मोजणी १२५ इंच ठरली. मध्ययुगाचा 'दहा फाट्यांचा हार्ट' अशा रीतीने इंचपट्टी घेऊन परत आला, आणि तोही इशीच्या शिष्यांच्या नावाने, ही विसंगती फारशी कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही.

आजचा नवशिका धनुर्धारी मचाणावर बसतो तेव्हा हे सर्व नियम एकाच वेळी त्याच्याबरोबर बसतात. वीसेक यार्डांच्या अंतरावर बाणाचे पाते रक्तस्रावाने मारते, धक्क्याने नव्हे. म्हणून हरीण आडवे किंवा किंचित पाठमोरे उभे राहीपर्यंत थांबावे लागते. एकट्या आलेल्या लहान अशृंगी हरणावर बाण सोडू नये, ते बटन बक असण्याचा संभव फार, असे जाणकार सांगतात. दोन-तीन एकत्र आली असता अंगलटीने सर्वांत लांब आणि कानांमधील माथा गोलसर असलेली मादी ओळखता येते; पाडसाचे अंग चौकोनी आणि नराचा माथा चपटा असतो. तोवर पाडसे चाऱ्यावर जगू लागलेली असतात, हे माहीत असूनही मादीवर नेम धरताना पुष्कळांचा हात अडखळतो. १९०७ चा नीतिनियम असा शतकानंतरही जिवंत आहे. तिकडे, पहिलेच हरीण म्हणून दोन सरळ शिंगांचा तरुण नर मारण्याचा मोह स्वाभाविक. हा नर म्हणजे जुना प्रिकेटच. त्यास मारावे की वाढू द्यावे ह्यावर टेक्ससच्या संशोधकांत दीर्घ मतभेद झाले. पेन्सिल्व्हेनियाने २००२ मध्ये फाट्यांची किमान संख्या ठरवून बहुसंख्य शिकाऱ्यांपुरता तो प्रश्न कायद्यानेच मिटविला.

विस्कॉन्सिनने १९९६ पासून काही विभागांत ह्याहून कठोर उपाय योजिला होता : आधी एक अशृंगी हरीण मारून नोंदवावे, मगच नर मारण्याचा हक्क मिळेल. 'नर कमवा' ह्या अर्थाच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम संख्या घटविण्यास परिणामकारक ठरला आणि शिकाऱ्यांत विलक्षण अप्रिय झाला. २०११ मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला.