फिजिक्स, कर्ज आणि मामाचा फोन

परवा शनिवारी सकाळी राहुरीहून मामाचा फोन आला. "अरे, पोरगी म्हणते बीएस्सी फिजिक्सच करायचं. पुण्यातल्या एका खाजगी विद्यापीठात. वर्षाला दोन लाख फी. बँक कर्ज देते म्हणे. तू इंजिनिअर, तूच सांग, फिटेल का?"

आता आम्ही आयटीवाले. असा प्रश्न आला की आधी एक्सेल उघडतो :) तीन वर्षं दरवर्षी २ लाख, समजा १० टक्के सरळ व्याज, शिक्षणानंतर एक वर्षाची सवलत. हप्ता सुरू होताना कर्ज ७ लाख ८० हजार. दहा वर्षांत फेडायचं तर महिना साधारण १०,३०० रुपये. आणि तेव्हा पोरगी कुठे असेल? एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यावर! बँकेने मुदत वाढवून दिली तरी व्याज काही थांबत नाही.

मग डोक्यात आलं, मामा स्वतः बीएस्सी. तो कसा शिकला? विचारलं तर म्हणाला, "फी? आठवत नाही बुवा. ईबीसीचा फॉर्म भरायचो."

फी आठवतच नाही, हे मला भारी वाटलं. त्यामागे बराच इतिहास आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्यात १९४७ साली कॉलेज सुरू झालं, तिथे पोरं श्रम करून शिकायची, तीच 'कमवा आणि शिका'. पुढे श्रीरामपूर आणि कोपरगावला रयतची कॉलेजं आली. नगर शहरात डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढलं, तेही १९४७ सालीच. ईबीसीची फी-सवलत १९५९ ची, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असतानाची. आणि ज्या लोणीत १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तिथेच पुढे शाळा-कॉलेजंही आली. म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) पोराची पदवी कधी स्वतःच्या घामावर, कधी सरकारच्या तिजोरीवर, तर कधी उसाच्या जिवावर व्हायची.

कर्ज काढून शिकणं तेव्हाही होतं बरं का. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी निधी काढला, तो कर्जाऊ शिष्यवृत्तीचाच. जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले ते ही शिष्यवृत्ती घेऊन. १९६३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती सुरू केली. त्यावर व्याज नव्हतं, आणि घेणारा पुढे शिक्षक झाला तर नोकरीच्या दर वर्षामागे कर्जाचा दहावा हिस्सा माफ! देणाऱ्याला ठाऊक होतं की काही शिक्षणांची कमाई उशिरा आणि कमी येते.

मग १९८३ आलं. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. आमच्या जिल्ह्यातही कॉलेजं निघाली. पूर्वी कर्नाटकात जाणारी पोरं इथेच शिकू लागली, हे चांगलंच झालं. पण फीचा भार घरावर आला. २००१ साली बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली आणि हप्ता आपल्या घरी राहायला आला. बँक विषय बघते तो नोकरीच्या हिशोबाने. तिचंही चूक नाही, पैसा ठेवीदारांचा आहे.

माझंच सांगतो. बारावीत मलाही फिजिक्स प्रचंड आवडायचं. इंजिनिअरिंगला ४ लाखांचं कर्ज काढलं, बाविसाव्या वर्षी पगार सुरू झाला, चार वर्षांत फेडलं. घरचे कौतुक करतात, पण पहिली ऑफर टेस्टिंगची आली तेव्हा 'हे मला आवडेल का' असा विचारसुद्धा मी केला नव्हता. हप्ता डोळ्यासमोर होता.

फिजिक्सवाल्याचं घड्याळच वेगळं. बीएस्सी तीन वर्षं, एमएस्सी दोन, मग पीएचडीची पाच-सहा. जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, पण ती मिळेपर्यंत वय तेवीस-चोवीस. बाविसाव्या वर्षी हप्ता मागणारं कर्ज या घड्याळाशी जुळतच नाही.

म्हणून मामाला सांगितलं, "फिजिक्स करू दे. फक्त या कर्जावर नको." नगर-श्रीरामपूरला अनुदानित कॉलेजात बीएस्सी होते, तीही फारशा खर्चाशिवाय. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात आली तर केंद्राच्या इन्स्पायर योजनेतून वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत मिळू शकतात. मग 'जॅम' देऊन एमएस्सीला आयआयटीत जाता येतं. लागलंच तर कर्ज तेव्हा काढावं, कमाई जवळ आल्यावर.

मामा बराच वेळ गप्प होता. मग मागून बहिणीचा आवाज आला, "दादा, पण त्या विद्यापीठात लॅब भारी आहे रे. इथे ती कुठे?"

याचं उत्तर माझ्या एक्सेलमध्ये नव्हतं. पुढच्या शनिवारी राहुरीला जातोय, मग तिला घेऊन दोन-तीन कॉलेजांच्या लॅब बघून येऊ. तिथे काय दिसलं ते लिहीनच.