टरबाइन मोटार

टरबाइन मोटार : गॅस टरबाइनच्या बळावर चाके फिरवणारी मोटारगाडी. तिचे इंजिन जेट विमानाच्या इंजिनाचे भाऊबंद असते. विमान तप्त वायूचा झोत मागे फेकून पुढे जाते. मोटारीत मात्र त्या झोतातली शक्ती पात्यांनी काढून घेऊन दांड्याला द्यायची असते. १९५० नंतरची सुमारे तीस वर्षे ब्रिटन व अमेरिकेतल्या मोठ्या मोटार कंपन्या या कल्पनेमागे होत्या. गाड्या बनल्या, रस्त्यावर धावल्या, सामान्य कुटुंबांनी त्या वापरल्याही. तरी घाऊक उत्पादनापर्यंत एकही पोचली नाही. म्हणून टरबाइन मोटारीत चालतच नाही, हा समज चुकीचा आहे. ते चालते, पण रोजच्या वापरात ते परवडत नाही.

रचना दिसायला सोपी आहे. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढून दाबतो, दहनकक्षात इंधन स्टोव्हच्या ज्योतीसारखे अखंड जळत राहते आणि तापलेला वायू पात्यांच्या चक्रांवर आदळतो. पहिले चक्र कॉम्प्रेसरला फिरवते. दुसरे त्याच्याशी जोडलेले नसते; ते दंतचक्रांमार्फत गाडीची चाके फिरवते. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत, रेडिएटर नाही. वर-खाली होणारे काहीच नसल्याने थरथर जवळजवळ नसते. या साधेपणाची किंमत आतल्या हिशेबात द्यावी लागते : टरबाइन जी शक्ती कमावते तिच्यातला सुमारे दोन तृतीयांश वाटा कॉम्प्रेसरच खातो. उरेल ते चाकांचे.

पहिली गाडी ब्रिटनच्या रोव्हर कंपनीची. ‘जेट १’ या नावाची ही उघडी दोन-आसनी गाडी मार्च १९५० मध्ये लोकांपुढे आली आणि १९५२ मध्ये बेल्जियममधल्या याबेके येथील सरळ रस्त्यावर तिने ताशी १५२ मैलांचा (सुमारे २४५ किमी) वेग गाठला. वेगाबद्दल तक्रारीला जागा नव्हती. इंधनाचा फडशा मात्र असा, की ती घरगुती गाडी होणे अशक्य होते. ती आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

खरी परीक्षा अमेरिकेत झाली. क्रायस्लर कंपनीने जॉर्ज ह्यूबनर यांच्या नेतृत्वाखाली टरबाइन इंजिनांच्या एकामागून एक पिढ्या तयार केल्या आणि १९६३-६४ मध्ये ५५ गाड्या बांधल्या : ५ नमुन्यादाखल, ५० लोकांना देण्यासाठी. सांगाडे इटलीतल्या तुरीन शहरी गिया कारखान्यात बनले. लोकांना दिलेल्या गाड्यांचा रंग तांबूस कांस्यवर्णी. देशभरातून निवडलेल्या २०३ जणांना प्रत्येकी तीन महिने गाडी फुकट मिळाली. इंधन तेवढे ज्याचे त्याने भरायचे. जानेवारी १९६६ पर्यंत या गाड्या मिळून दहा लाख मैलांहून जास्त धावल्या. इतक्या प्रामाणिकपणे स्वतःचे यंत्र लोकांच्या हाती सोपवण्याचे उदाहरण मोटारींच्या इतिहासात विरळाच.

किल्ली फिरवली की खडखड नाही. घरातला व्हॅक्युम क्लीनर लावल्यासारखी शिटी हळूहळू चढत जाई आणि काही सेकंदांत इंजिन सुरू. गाडी जागची हललेली नसतानाही मापकाचा काटा मिनिटाला सुमारे २०,००० फेऱ्यांच्या आसपास. पूर्ण जोरात हाच आकडा ४४,६०० पर्यंत जाई. ताकद १३० अश्वशक्ती. थंडीत इंजिन गरम होण्याची वाट पाहावी लागत नसे. डिझेल, रॉकेल, वनस्पती तेल, काहीही चाले. मेक्सिकोचे अध्यक्ष आदोल्फो लोपेझ मातेओस यांच्यापुढे ती टकीलावर चालवून दाखवण्यात आली. गंमत अशी, की तिला न मानवणारे इंधन त्या काळी अमेरिकेच्या जवळजवळ प्रत्येक पंपावर मिळणारे होते : शिसेयुक्त पेट्रोल. शिशाची पुटे पात्यांवर चढत.

लोकांच्या दोन तक्रारी ठळक होत्या. पॅडल दाबल्यावर गाडी क्षणभर विचार करी, कारण आधी कॉम्प्रेसरचे फेरे वाढायला हवेत, मग वायू, मग चाके. आणि इंधन जास्त लागे. दुसऱ्या तक्रारीच्या मुळाशी यंत्राचा स्वभावच आहे. टरबाइनला एकाच, चढ्या भारावर चालत राहणे मानवते. भार कमी केला की हवेचा दाब आणि वायूचे तापमान दोन्ही उतरतात, पण कॉम्प्रेसरची भूक त्या प्रमाणात कमी होत नाही. शहरातली गाडी सिग्नलला उभी असते, रांगेतून सरकते, थोडी पळते, पुन्हा थांबते. इंजिनाच्या पूर्ण ताकदीची गरज तिला क्वचितच पडते. पिस्टन इंजिनालाही हे आवडत नाही. टरबाइनला त्याहून कितीतरी कमी आवडते. आकारही आड येतो. इंजिन लहान केले म्हणून पात्यांची टोके आणि वेष्टण यांच्यातली फट त्याच प्रमाणात बारीक करता येत नाही, त्यामुळे लहान टरबाइनमध्ये गळती मोठी.

क्रायस्लरने यावर केलेला उपाय देखणा होता. इंजिनाच्या दोन बाजूंना फिरत्या तबकड्या बसवल्या. त्या बाहेर पडणाऱ्या वायूची उष्णता उचलून आत येणाऱ्या हवेला देत. खप घटला, धुराडे निवले. घाटाच्या उतारावर हवे असलेले इंजिन-ब्रेकिंगही, जे सुट्या चक्रामुळे एरवी मिळाले नसते, वायूची दिशा बदलणाऱ्या नोझलांनी साधले. पण तबकड्या, नोझले, दंतचक्रे असे जोडत गेल्यावर मूळचा साधेपणा उरला कुठे?

खर्चाचे कारण धातूत आहे. पिस्टन इंजिनात भडका क्षणाचा असतो, लगेच थंड हवा येते. म्हणून बीड आणि ॲल्युमिनियमवर भागते. टरबाइनची पाती सतत आगीत असतात. त्यांना निकेल-कोबाल्टची महागडी मिश्रधातू लागते. पुढे १९७० च्या दशकात धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडांवर निर्बंध आले, इंधन महागले, आणि आर्थिक अडचणीत सापडलेल्या क्रायस्लरने १९८० च्या सुमारास हे काम आवरले. त्या ५५ गाड्यांपैकी ४६ कंपनीने आधीच नष्ट केल्या होत्या, ९ उरल्या.

वजनाच्या मानाने ताकद महत्त्वाची आणि इंधनाचे बिल दुय्यम, तिथे टरबाइन जमिनीवरही टिकले. अमेरिकेचा एब्रम्स रणगाडा १,५०० अश्वशक्तीच्या टरबाइनवर चालतो, आणि नुसता उभा असला तरी तासाला सुमारे ४० लिटर इंधन पितो. सोव्हिएत टी-८० चेही दुखणे हेच. उलट उरणच्या ६७२ मेगावॉट वीजकेंद्रात टरबाइन जागेवरून हलत नाहीत आणि धुराड्यातून जाणाऱ्या उष्णतेवर वाफ करून आणखी वीज काढली जाते. एवढा बॉयलर मोटारीत कोण वाहणार?

मोटारीत टरबाइन शेवटी आले ते टर्बोचार्जर म्हणून. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये याची मूळ कल्पना मांडली. कॉम्प्रेसर आणि त्याला फिरवणारे चक्र हेच ते जोडपे, पण मधला दहनकक्ष काढून त्या जागी अख्खे पिस्टन इंजिन. आपल्याकडच्या डिझेल गाड्यांत आता ते सर्रास असते, मिनिटाला लाखावर फेरे घेते, आणि पॅडल दाबल्यावर क्षणभर थांबते. गॅरेजवाले त्याला टर्बो लॅग म्हणतात.