कान्हेरीचा डोंगर कोणी घडवला?

कान्हेरीला जाणारे बहुतेक तरुण पावसाळ्यात धबधब्यासाठी जातात. भिंतीवरची अक्षरे फारसे कोणी पाहत नाही. आमचे म्हणणे आहे की, या डोंगराचा खरा सातबारा त्या अक्षरांत आहे.

साष्टी बेटावरच्या या डोंगराच्या पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी. सोपारा आणि कल्याण ही जुनी बंदरे जवळच. व्यापाराच्या या वाटेवर इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे शंभराहून अधिक लेणी कोरली गेली. नावात 'कान्हा' ऐकून कोणाला कृष्ण आठवतो; पण शिलालेखातला 'कण्हगिरी' म्हणजे साधा काळा डोंगर!

लोककथा काय सांगते? लेणी दिसली की पांडवांनी एका रात्रीत कोरली, हे आपण सगळीकडे ऐकतो. सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या दिओगो दो कूतो या पोर्तुगीज इतिहासकाराने कान्हेरीबद्दल वेगळी कथा नोंदवली. इथल्या एका म्हाताऱ्याने सांगितले की, राजाने आपल्या मुलाला जगापासून दूर ठेवण्यासाठी हे कोरवून घेतले. कूतोने मुलाचे नाव दिले संत जोसाफात. मित्रांनो, जोसाफात हे 'बोधिसत्त्व' शब्दाचेच प्रवासात बदललेले रूप आहे. नाव ख्रिस्ती झाले, गोष्ट सिद्धार्थाचीच राहिली. ज्या काळात इथे एकही भिक्खू उरला नव्हता, त्या काळातही हा डोंगर बुद्धाच्या कथेपासून तुटला नव्हता.

पण या कथेतही एक खोट आहे. तीही श्रेय राजालाच देते. शिलालेख काय म्हणतात? पाण्याचे टाके दिले कल्याणच्या सोनार सामिदत्ताने. वाट करून दिली कल्याणच्याच लोहार नंदाने. भिक्खुणींनी दान दिले, व्यापाऱ्यांनी दिले. उन्हाळ्यात भिक्खूंची तहान भागवणारी टाकी अशा दानांतून उभी राहिली.

हातोडा चालवणाऱ्या लोहाराचे नाव दगडावर सन्मानाने कोरले जात होते. पुढे त्याच हातांना शूद्र ठरवले गेले आणि श्रेय पांडवांच्या खात्यावर गेले. आमच्या मते, इतिहासाची चोरी अशीच होते: वस्तू जागेवरच राहते, फक्त मालकाचे नाव बदलते.

म्हणून पुढच्या वेळी कान्हेरीला जाल तेव्हा सेल्फी जरूर काढा, पण टाक्याजवळ थोडे थांबा. तिथे नंदाचे आणि सामिदत्ताचे नाव मोठ्याने घ्या. सोबतच्या लहानग्यांना सांगा, हा डोंगर आपल्यासारख्या कष्टकऱ्यांनी घडवला.