अस्सल बरहुकूम

न्यायालयातून किंवा महसुली कचेरीतून मिळालेल्या नकलेच्या शेवटच्या पानावर, शिक्क्याच्या आसपास, दोन माणसांच्या लहानशा सह्या असतात: एक नक्कल उतरवणाऱ्याची आणि दुसरी ती अस्सलाशी ताडून पाहणाऱ्याची. पक्षकाराची नजर त्या दुसऱ्या सहीवर क्वचितच ठरते. त्याला निकाल हवा असतो, शेत हवे असते, वारसाचा पुरावा हवा असतो. परंतु ज्या नागपुरात एकामागून एक राज्यकर्त्यांनी आपापले दप्तर मांडले आणि आवरले, त्या नगरीतील कागदांचा इतिहास सांगायचा झाल्यास तो या दुसऱ्या सहीपासूनच सांगावा असे मला मनापासून वाटते; आणि आज घरात किंवा लहानशा कार्यालयात टेबलावर ठेवायचा स्कॅनर कोणता घ्यावा, असा जो प्रश्न मला ओळखीचे वकील आणि हिशेबनीस विचारतात, त्याचेही उत्तर मला याच इतिहासात सापडते.

भोसल्यांच्या अमदानीत चिटणीस पत्रव्यवहार सांभाळी, फडणीस हिशेब पाही, सिक्केनवीस मुद्रेचा अधिकारी असे; या हुद्द्यांची पुढे आडनावे झाली आणि आडनावांवरून वस्त्या ओळखल्या जाऊ लागल्या, इतक्या की महालातल्या चिटणवीसपुऱ्यातून रोज ये-जा करणाऱ्याला आपण एका दप्तराच्या नावातून चालतो आहोत याची जाणीवही उरलेली नाही. त्या काळचा कागद मोडीत लिहिला जाई. आधी ओळभर रेघ ओढावी, मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरामागून अक्षर काढीत जावे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळण्याचे कारण नव्हते, शब्दाशब्दांत अंतर सोडण्याचा प्रघात नव्हता, आणि घाईच्या हातात अक्षरे एकमेकांत अशी शिरत की नावातले एखादे अक्षर फिरले तर शेताचा धनी फिरावा. अशा लिपीत नक्कल केवळ डोळ्यांनी ताडून भागत नाही. एकाने अस्सल मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवीत ऐकावे, हीच तिची खरी परीक्षा. तिला रुजुवात म्हणत. रुजू हा शब्द आपण आजही कामावर हजर होणाऱ्या माणसासाठी वापरतो, आणि मला त्यात मोठा अर्थ दिसतो: नक्कलही अस्सलापुढे हजर व्हावी लागते, आणि ती हजर झाल्याशिवाय तिला अधिकार येत नाही.

प्रत करून ठेवण्याचे मोल नागपूरने फार कठोर रीतीने अनुभवले. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली, आप्पासाहेब भोसल्यांचे राज्य खिळखिळे झाले, आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याच्या हाती प्रांताचा कारभार आला. राज्य समजून घेण्यासाठी त्याला कागद हवे होते आणि कागद समजावून देणारी माणसे हवी होती. काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी नागपूरकर भोसल्यांची बखर लिहिली ती या काळातच, आणि जेन्किन्सचा स्वतःचा प्रांतविषयक अहवाल १८२७ साली छापला गेला. कंपनी सरकारची शिस्त अशी, की जाणाऱ्या-येणाऱ्या पत्राची प्रत वहीत उतरलीच पाहिजे. महालातील भोसल्यांचा राजवाडा, काळ्या दगडाचा आणि लाकडी कोरीव कामाचा, १८६४ साली आगीत भस्मसात झाला आणि मुख्य दरवाजा तेवढा उभा राहिला; रेसिडेन्सीचे कागद मात्र टिकले, आणि १९५० पासून एच. एन. सिन्हा यांच्या संपादनाखाली त्यांच्या निवडक संग्रहाचे खंड नागपुरातच प्रसिद्ध होऊ लागले. ज्या शहराने असा जाळ पाहिला, तेथे एकाच कागदाची एकच प्रत एकाच छपराखाली ठेवणाऱ्याला मी सावध म्हणणार नाही.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निवर्तले, १८५४ मध्ये राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाले. यानंतर कागदांचा जो पूर आला, त्याचे पाणी अद्याप ओसरलेले नाही. मालगुजारीचा बंदोबस्त झाला आणि त्यासोबत खसरा, शजरा, वाजिब-उल-अर्ज असे कागद गावोगाव तयार झाले, पुढे निस्तारपत्रकेही आली. गावच्या तलावाचे पाणी कोणी घ्यावे, जंगलातले लाकूड कोणी आणावे, गुरे कोठून न्यावीत, हे सारे त्यांत नोंदले गेले. मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आली, परंतु गावकीच्या वाटेचा तंटा उभा राहिला की पूर्व विदर्भातला वकील अजूनही ती पत्रके शोधतो. पुण्याकडचा माणूस गट नंबर सांगतो, आमच्याकडे मौजा, खसरा क्रमांक आणि पटवारी हलका सांगितल्याशिवाय जमिनीची ओळख पटत नाही. शहरात त्यात नझुलाची भर. नागपुरातील पुष्कळ घरे सरकारने पट्ट्याने दिलेल्या नझूल जमिनीवर उभी आहेत. पट्ट्याची मुदत संपते, नूतनीकरण करावे लागते, आणि त्या वेळी आजोबांच्या पेटीतला कागद हुडकण्यासाठी सारे घर खाली-वर होते.

हे कागद पुराव्यात कसे यावेत याचा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने घालून दिला, आणि त्यातला एक बारकावा मला नेहमी विलक्षण वाटत आला आहे. नकलेवरून उतरवलेली नक्कल नंतर अस्सलाशी ताडली असेल तर ती दुय्यम पुरावा म्हणून चालते, न ताडलेली चालत नाही. परंतु ज्या यांत्रिक क्रियेतच अचूकतेची हमी आहे, तिने काढलेल्या प्रतीला ताडण्याची अट नाही, आणि अस्सलाचे छायाचित्र, ते अस्सलाचेच आहे एवढे सिद्ध झाल्यास, न ताडताही ग्राह्य धरले जाते. म्हणजे ज्या दिवसांत नागपूरच्या कचेरीत हातानेच नकला होत होत्या, त्या दिवसांतच कायद्याने यंत्राला रुजुवातीतून मुक्त केले होते. जेम्स वॉटने पत्राची ओली प्रत दाबून काढण्याच्या यंत्राचे पेटंट १७८० सालीच घेतले होते. मागाहून कार्बन कागद आला, टंकलेखन यंत्र आले, सायक्लोस्टाइल आले. ९ जानेवारी १९३६ रोजी नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय मिळाले आणि १९४० मध्ये सिव्हिल लाइन्समधील त्याची भव्य वास्तू उभी राहिली. परंतु तेथील टंकलेखकाच्या हातूनही ओळ गळत असे, म्हणून रुजुवात पाहणाऱ्याची जागा टिकली.

ती जागा खरी ढळली ती झेरॉक्सने. चेस्टर कार्लसन याने १९३८ च्या ऑक्टोबरात कोरड्या भुकटीने पहिली प्रतिमा उमटवली, १९५९ मध्ये त्या तत्त्वावरचे कार्यालयीन यंत्र बाजारात आले, आणि भारतात १९८३ साली मोदी झेरॉक्स ही कंपनी स्थापन झाल्यावर थोड्याच वर्षांत कचेरीसमोरच्या टपरीटपरीवर तो हिरवा प्रकाश सरकू लागला. नकलेसाठी आठवडाभर थांबणाऱ्या माणसाला ती केवढी मुक्ती वाटली असेल! स्कॅनरचे मूळ याहूनही वेगळे. रसेल कर्श या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५७ साली आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र १७६ गुणिले १७६ ठिपक्यांत मोडून संगणकात उतरवले; आज आपण ३०० ठिपके प्रतिइंच असे मोजमाप सहज उच्चारतो, त्याचा उगम त्या चौकोनात आहे.

आता निवडीचा प्रश्न. विक्रेता मिनिटाला किती पाने हे आधी सांगतो. मी म्हणतो, आधी आपली पेटी उघडावी आणि कागद पाहावेत. पावत्या, देयके, छापील आदेश असे सुटे आणि अलीकडचे कागद रोज शेकड्याने येत असतील, तर पाने आपणहून ओढून दोन्ही बाजू एकाच वेळी टिपणारे, दोन पाने एकदम गेली तर थांबणारे यंत्र घ्यावे. त्यावाचून कार्यालय चालणार नाही. परंतु घड्या पडलेले, कापडावर चिकटवलेले, शिवलेले कागद त्या रबरी रुळांच्या तोंडी कधीही देऊ नयेत. त्यांना सपाट काचेचे यंत्रच हवे, आणि त्यातही ज्याचे भिंग काचेपासून किंचित वर उचललेला भागही स्पष्ट टिपते असे. पातळ, हलकी, स्वस्त यंत्रे काचेला चिकटलेले तेवढेच नीट पाहतात आणि घडीच्या खोबणीत अंधार करतात. काचेची लांबीही मोजावी. सर्वोच्च न्यायालयाने २०२० पासून ए-फोर आकार स्वीकारला असला, तरी आपल्या पेट्यांतले मुद्रांक त्याहून लांब आहेत, आणि लहान काचेवर मुद्रांकाचे दोन तुकडे करून घ्यावे लागतात. छापील मजकुरास ३०० ठिपके पुरतात. जुन्या मोडीला, फिक्या शाईला ६०० घ्यावेत, आणि रंगीत घ्यावे, कारण शिक्क्याची शाई आणि लेखनाची शाई यांतला भेद काळ्या-पांढऱ्यात नाहीसा होतो.

नागपूरच्या हवेचाही विचार करावा लागतो. वैशाखात पारा ४५ अंशांवर चढतो, जुना कागद पापडासारखा होतो. मग खोलीत वाळ्याचा कूलर लावावा तर तीच पाने दमट होऊन एकमेकांना धरून बसतात आणि यंत्र दोन-दोन ओढते. कूलरच्या झोतात यंत्र ठेवू नये, आणि काम सकाळी उरकावे.

जुना कागद रुळांच्या तोंडी देऊ नये, हे मला उशिरा कळले. आमच्या घराच्या नझूल पट्ट्याची प्रत मी घाईने एका दुकानातल्या जलद यंत्रावर करवून घेतली. रुळाने पान तिरपे ओढले आणि मधल्या घडीवर ते बोटभर फाटले. त्या घडीतून पडलेला तपकिरी चुरा मी एका पाकिटात जपून ठेवला आहे. नंतर घरी काचेचे यंत्र आणले, आणि पान त्यावर पालथे ठेवून माझ्या पुतणीने प्रतिमा घेतली. प्रतिमा स्वच्छ होती. तरीही मी तिला म्हटले, तू पडद्यावरचे वाच, मी अस्सलावर बोट ठेवतो. ती चतुःसीमा वाचू लागली: पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस शेजाऱ्यांचे घर, उत्तरेस बोळ, आणि तेथून ती एकदम आकाराच्या रकमेवर आली.

“दक्षिणेस काय, काका?”

पडद्यावर मोकळी जागासुद्धा नव्हती; घडीची एक कड दुमडून खालच्या ओळीवर बसली होती आणि यंत्राने ती तशीच प्रामाणिकपणे टिपली होती. आम्ही मऊ कुंचल्याने ती कड हळूहळू उलगडली. खाली, फिक्या शाईत, दोनच शब्द होते: दक्षिणेस नाला. पुतणीने यंत्राचे झाकण पुन्हा उघडले.