पुराणकथेचा नवा खेळ आणि रसिकांचा न्याय

पुराणकथा आपल्याकडे केवळ श्रवणाची वस्तू कधीच नव्हती. ती पाहण्याचीही होती. कुडाळजवळील पिंगुळीच्या ठाकर मंडळींनी चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्या यांच्या योगे रामायण-महाभारतातील आख्याने लोकांपुढे उभी केली. कोकणात आणि गोमंतकात जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतार रंगला. त्या रंगाचा प्रेक्षक भाविक खरा, पण भाबडा नव्हे. देवाचे सोंग येताच हात जोडणारा तोच प्रेक्षक, पदाचा सूर ढळला की कुजबुजल्यावाचून राहत नसे.

ही परंपरा आता एका निराळ्याच साधनापर्यंत येऊन पोहोचली आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीने तयार केलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेंडो स्विच या यंत्रावर आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात संगणक व इतर यंत्रांवर प्रसिद्ध झाला. बड्या कंपन्या अशा एकेका खेळासाठी शेकडो माणसे राबवितात. या मंडळीने किकस्टार्टरच्या द्वारे लोकवर्गणी मागितली, परंतु ठरविलेली रक्कम जमली नाही. तरीही काम थांबले नाही, ही या इतिहासातील पहिली लक्षणीय गोष्ट होय.

कथा साधी आहे. राखीपौर्णिमेच्या दिवशी असुर चालून येतात आणि लहान मुलांना पळवून नेतात. कसरतीचे खेळ करणारी राजी आपल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पुढे विष्णू धनुष्य देतो. खेळणाऱ्याने राजीला भिंतींवरून धावविणे, खांबांवर चढविणे, खोल दऱ्यांवरून उड्या मारविणे आणि असुरांशी लढविणे, असा हा प्रकार आहे. वाटेतील भित्तिचित्रांपाशी थांबले की पौराणिक कथा कानी पडतात. वास्तू राजस्थानी धाटणीच्या आहेत, रंगकाम पहाडी चित्रशैलीवर बेतलेले आहे, आणि मधले कथाप्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपाने दाखविले आहेत. पिंगुळीच्या बाहुल्या ज्यांनी पडद्यावर हलताना पाहिल्या आहेत, त्यांस येथे ओळखीची खूण पटेल.

खेळणाऱ्यांचा कौल मात्र दुहेरी पडला. चित्रे, वास्तू आणि संगीत यांची स्तुती बहुतेकांनी केली. आपले देव परक्याच्या कल्पनेतून नव्हे, तर आपल्याच मातीतल्या माणसांच्या हातून प्रथमच असे साकारलेले पाहून अनेक भारतीय तरुणांस भरून आले. तथापि दोषही तितक्याच स्पष्टपणे सांगितले गेले. लढाईत हालचाली अवघडलेल्या वाटतात. कोडी फार सोपी आहेत. खेळ थोड्याच तासांत संपतो. आणि शेवट तर इतका अकस्मात येतो की कथा अर्ध्यावर तोडल्यासारखी वाटते. दुर्गा आणि विष्णू इंग्रजीत बोलतात, हेही अनेकांस खटकले.

वर्षाअखेरीस ‘द गेम अवॉर्ड्स’ या आंतरराष्ट्रीय समारंभात पहिल्या स्वतंत्र कृतीच्या विभागात ‘राजी’ला नामांकन मिळाले, पारितोषिक ‘फॅस्मोफोबिया’ला गेले. आमच्या मते याहून महत्त्वाची घटना २०२२ साली घडली. त्या वर्षी सुधारलेली आवृत्ती निघाली. तीत लढाईचा भाग नव्याने घडविला होता आणि पात्रांच्या मुखी हिंदी भाषा आली होती. लोकांचा आक्षेप कर्त्यांनी अपमान मानला नाही, अभिप्राय मानला.

येथेच एका प्रश्नाचा विचार करावासा वाटतो. देवादिकांची कथा आहे, कर्ते आपले आहेत, पैसा तुटपुंजा आहे. तेव्हा दोष दाखवू नयेत, असे म्हणणारेही असतात. त्यांचा हेतू चांगला असेल, पण त्यातून कलेचे हित होत नाही. कौतुकाने कर्त्याला धीर येतो, हे खरे. पण त्याचा हात सुधारतो तो परखड रसिकामुळे. दशावतार पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो केवळ श्रद्धेच्या बळावर नव्हे. समोर बसलेला प्रेक्षक जाणता होता म्हणून टिकला. ‘राजी’ला तसा प्रेक्षक लाभला, हे तिचे भाग्य. आपल्या घरांतील मुले उद्या पुराणे अशाच पडद्यांवर प्रथम पाहतील. त्या वेळी त्यांच्या शेजारी बसून, काय साधले आणि काय चुकले हे त्यांना सांगता येईल इतकी आपली पुराणे आपल्याला ठाऊक असावीत, एवढेच आमचे मागणे आहे.