‘फ्लो नाही’ म्हणजे नक्की काय नाही?

आजचा विषय ऐकून काही जण मनात म्हणाले असतील, व्हिडिओ गेमवर कसलं आलंय व्याख्यान! पण समीक्षेचे शब्द कसे जन्मतात आणि कसे झिजतात, ते पाहायचं असेल तर हा नमुना फार सोयीचा आहे. सगळा इतिहास जेमतेम पाव शतकाचा. एका बैठकीत मावतो.

आधी खेळ समजून घेऊ. १९९८ साली जपानच्या कोनामी कंपनीनं ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ हे यंत्र गेम पार्लरमध्ये आणलं. पायाखाली चार बाण: डावा, खालचा, वरचा, उजवा. पडद्यावर बाण सरकत येतात आणि गाण्याच्या ठेक्यावर तोच बाण पायानं दाबायचा. कोणता बाण कोणत्या मात्रेवर येणार, ही मांडणी म्हणजे ‘चार्ट’. सुरुवातीला आपण खेळायचो ते चार्ट कंपनीचेच असत. पुढे २००१ च्या सुमारास ‘स्टेपमेनिया’ हे मुक्त सॉफ्टवेअर आलं आणि कुणीही हौशी माणूस घरच्या संगणकावर आवडत्या गाण्याचा चार्ट रचू लागला. रचणारे आले, तसे तपासणारेही आले. त्यांच्याबरोबर टीकेचे शब्द आले: ‘फ्लो नाही’, ‘गाण्याला बसत नाही’, ‘उगाच भरलंय’.

यातला ‘फ्लो’ जरा खोलात जाऊन पाहू. डान्स पॅडवर त्याला अगदी शारीरिक अर्थ होता. आपण चालताना डावा-उजवा, डावा-उजवा पाय टाकतो; चार्टनंही तसंच चालवावं. समजा बाण आले डावा, खालचा, उजवा. डावा पाय डाव्यावर, उजवा पाय खालच्यावर. आता पाळी पुन्हा डाव्याची, म्हणून तो पुढून आडवा जाऊन उजव्या बाणावर पडतो आणि सगळं अंग वळतं. हा ‘क्रॉसओव्हर’. अंग न वळवता उजवाच पाय पुन्हा टाकला, तर ती ‘डबल स्टेप’. वळलेल्या अंगाला सरळ व्हायला चार्टनं जागाच ठेवली नसेल, तर खेळणारा अडखळतो. म्हणजे बघा, ‘फ्लो नाही’ हे विधान खरं की खोटं, ते पॅडवर उभं राहून तपासता येत होतं.

मग तेच बाण कीबोर्डवर आले. तिथे प्रत्येक बाणाला स्वतःचं बोट. पाय आडवा जाण्याचा प्रश्नच मिटला! तिथली अडचण निराळी: एकच कळ पुन्हा पुन्हा दाबायला लावणारा ‘जॅक’. मिनिटाला १५० ठोके असलेल्या गाण्यात एका ठोक्याचे चार भाग केले, तर दोन नोंदींमध्ये १०० मिलिसेकंद उरतात. बोटं आलटून पालटून हे जमतं, एकाच बोटाला मात्र घाम फुटतो. पुढे २००७ मध्ये ‘ओसु’ आला. त्यात पडद्यावरच्या वर्तुळांवर माऊसचा बाण न्यायचा असतो, म्हणून तिथे ‘फ्लो’ म्हणजे हाताच्या हालचालीचं वळण. पाय, बोट, मनगट: तीन अवयव, शब्द एकच. आमचं म्हणणं एवढंच, की हा शब्द मुळात धूसर नव्हता. त्याचं शरीर मागे राहिलं आणि तो एकटाच पुढे आला.

उलटा प्रवासही झालाय. २००१ च्या ‘डीडीआरमॅक्स’मध्ये कोनामीनं अवघडपणा सांगणारी पावलांची चिन्हं काढून टाकली आणि ‘ग्रूव्ह रडार’ नावाची पाच टोकांची आकृती दाखवली: स्ट्रीम, व्होल्टेज, एअर, फ्रीझ, केऑस. नावं कवितेतली वाटतात, पण प्रत्येकामागे मोजणी होती. एअर म्हणजे उड्या किती, फ्रीझ म्हणजे दाबून धरायचे बाण किती. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत पावलं परत आली, रडारही राहिलं. यातून आपण काय घ्यायचं? शब्द सुंदर असायला हरकत नाही. मागे काय मोजलंय ते ठाऊक असलं पाहिजे.

आता कुणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशाला? कारण इथे एका माणसाची मेहनत पणाला लागलेली असते. दोन-तीन मिनिटांच्या गाण्यासाठी शेकडो नोंदी हातानं बसवाव्या लागतात. ‘ओसु’मध्ये तर चार्ट अधिकृत यादीत जायला नेमलेल्या परीक्षकांची संमती लागते. तिथली शिस्त चांगली आहे: आक्षेप घेताना मिनिट, सेकंद, मिलिसेकंद लिहायचं. पण जागा मिलिसेकंदापर्यंत अचूक आणि पुढे शेरा ‘विचित्र वाटतं’, असं झालं तर नवख्यानं दुरुस्त काय करायचं? तो एकतर परीक्षकाची आवड ओळखून तसंच रचतो, नाहीतर रचणं सोडून देतो. धूसर शब्दाचा फायदा नेहमी आधीपासून आत असलेल्यालाच होतो.

म्हणून ‘वाटतं’ला बंदी घालावी का? मुळीच नाही. मैफल संपल्यावर आपणही म्हणतो, ‘आज रंगलं नाही.’ ते खोटं नसतं. पण गुरू शिष्याला तेवढंच सांगून थांबत नाही. तो सांगतो, ‘समेवर येताना घाई केलीस.’ पहिलं वाक्य श्रोत्याचं, दुसरं शिकवणाऱ्याचं. चार्टवर शेरा देताना आपण पहिल्या वाक्यापासून सुरुवात जरूर करावी. फक्त कोणत्या ठोक्यावर, कोणत्या पायाला किंवा बोटाला, काय अडलं, हे सांगितल्याशिवाय उठू नये.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.